पुण्याची वाट पाहिली, इंदूरच्या फेऱ्या हुकल्या: उशिरा प्रवेश आणि शैक्षणिक कर्जाचं एक प्रकरण

हे प्रकरण २०२४-२५ च्या प्रवेशाच्या हंगामातलं, इंदूरमधल्या एका मराठी घरातलं आहे. मुलीचं नाव इथे मीनल ठेवलं आहे. घर, कॉलेज आणि बँक ओळखू येईल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत, फीचे आकडेही गोळाबेरीज करून घेतले आहेत. आमच्या भागातल्या मुलांना प्रवेशाच्या आणि कर्जाच्या कागदपत्रांत मी मदत करतो, त्यामुळे यातला बराचसा भाग मी जवळून पाहिला. उशीर झालेल्या घरात पहिला प्रश्न हमखास येतो तो ‘कर्ज कुठे मिळेल?’ असा. माझ्या मते त्याच्या आधी विचारायला हवं, की कोणत्या कॉलेजात प्रवेश घेतला तर मदतीचे दरवाजे उघडे राहतील. हे प्रकरण लिहायचं कारण तेच.

पार्श्वभूमी

मीनलचे वडील महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधल्या एका पेढीवर मुनीम आहेत. पगार रोखीने मिळतो, पगाराची स्लिप नाही, आयकर विवरण कधी भरलेलं नाही. आई घरून डबे देते आणि बचत गटात आहे. सगळं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आसपास. धाकटा भाऊ नववीत. मध्य प्रदेश बोर्डाच्या बारावीत मीनलला ८१ टक्के होते. जेईई मेनमधला तिचा क्रमांक दोन लाखांच्या पुढे होता.

मध्य प्रदेश सरकार हुशार मुलांची फी भरतं त्या मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत राज्य बोर्डाच्या ७० टक्क्यांची अट ती सहज पूर्ण करत होती. पण इंजिनिअरिंगसाठी जेईईचा क्रमांक दीड लाखाच्या आत लागतो, तिथे तिचं नाव बसत नव्हतं. म्हणजे राज्याची सर्वांत मोठी मदत पहिल्यापासूनच हाताबाहेर होती. तरी बाकीचे मार्ग खुले होते.

जुलैमध्ये पुण्याच्या आत्याचा फोन आला. महाराष्ट्र सरकारने ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं होतं. घरात आनंदीआनंद झाला. मुलगी पुण्यात शिकेल, आत्याचं घर जवळ, फी नाही. तिथल्या सामाईक प्रवेश प्रक्रियेचा अर्ज भरला गेला आणि मध्य प्रदेशच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या समुपदेशनाची, म्हणजे तिथल्या प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी राहून गेली. कोणी आठवण केलीच तर ‘आता कशाला?’ असं उत्तर मिळायचं.

त्या शासन निर्णयाला उत्पन्नाची मर्यादा आहे, तो ठरावीक सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांसाठी आहे आणि महाराष्ट्राचा अधिवास लागतो. मीनलचं दहावी-बारावी इंदूरला झालं, आईवडिलांचं ‘मूल निवासी’, म्हणजे अधिवासाचं, प्रमाणपत्र मध्य प्रदेशाचं, आणि ती खुल्या प्रवर्गातली. वडिलांचं म्हणणं होतं, ‘आपण मराठीच ना? सीमाभागातल्या मराठी मुलांना जागा आहेत, मग आपल्याला का नाही?’ त्या जागा महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या गावांसाठी आहेत. होळकरांच्या इंदुरात चार पिढ्या मराठी बोलत आल्या तरी प्रवेशाच्या नियमात ते घर परराज्यातलंच ठरतं. हे ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला अजून आठवतं. पण नियम तसा आहे, आणि तो जुलैमध्येच सांगणारं कोणीतरी भेटायला हवं होतं.

ऑगस्टमध्ये पुण्याजवळचं एक कॉलेज मिळालं. वाटपाच्या पत्रावर पूर्ण फी होती, वर्षाला दीड लाखाच्या घरात, शिवाय वसतिगृह. घर तिथेच थांबलं.

अडचण

इंदूरला परत वळून पाहिलं तेव्हा समुपदेशनाच्या मुख्य फेऱ्या संपल्या होत्या. उरली होती कॉलेज स्तरावरची शेवटची फेरी, जिला इथे सगळे सीएलसी म्हणतात. या उशिराची खरी किंमत होती ट्यूशन फी माफीच्या जागा. एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, नियमाने मान्यताप्राप्त कॉलेजात मंजूर जागांच्या पाच टक्के इतक्या वाढीव जागा या योजनेत असतात. त्यांवर ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना ट्यूशन फी लागत नाही. मात्र त्या समुपदेशनाच्या गुणवत्ता यादीतून भरतात आणि ज्याने नोंदणीच केलेली नाही त्याचं नाव त्या यादीत नसतं. मीनलला तशी जागा मिळालीच असती असं मी म्हणणार नाही. पण तिचा त्या रांगेतला हक्कच गेला आणि तो पैशाने परत मिळणारा नव्हता.

त्यात कॉलेजं घाई करत होती. ‘दोन दिवसांत फी भरा, नाहीतर सीट दुसऱ्याला’ हे वाक्य त्या आठवड्यात तिने दोन ठिकाणी ऐकलं. घरात रोख होती ती आईच्या भिशीची, २५ हजार. आणि वडिलांच्या नावावर कोरोनाच्या काळातलं एक जुनं मोटारसायकलचं कर्ज होतं. हप्ते थकल्यावर ते तडजोडीत मिटवलं होतं आणि सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात त्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा होता. घरच्यांना वाटत होतं की मिटलं म्हणजे मिटलं. बँकेच्या नजरेत ते मिटलेलं नसतं.

समोर असलेले पर्याय

एक पर्याय वर्ष थांबण्याचा. मीनल स्वतः त्याला तयार होती. मी त्याच्या विरोधात नव्हतो, कारण पुन्हा जेईई देऊन क्रमांक दीड लाखाच्या आत आला असता तर मेधावी योजनेने खासगी कॉलेजातही दीड लाखापर्यंतची फी भरली असती. पण त्या घरात वर्षभर क्लास लावायला पैसे नव्हते, आणि ‘एक वर्ष घरी’ याचा अर्थ मुलीसाठी काय होतो हे तिची आई माझ्यापेक्षा चांगलं जाणत होती. तिने ठाम नाही म्हटलं. तो निर्णय मला योग्य वाटला.

दुसरा पर्याय एका कॉलेजनेच पुढे केला. त्यांच्या कार्यालयात बसलेला फायनान्स कंपनीचा माणूस तासाभरात कर्ज देत होता, कागद थोडे आणि हप्ता पुढच्याच महिन्यापासून. वडील जवळजवळ सही करून आले होते. मुनीमगिरीत आयुष्य गेलेला माणूस व्याजाचा हिशेब न विचारता सही करायला निघतो, यावरून त्या दोन दिवसांच्या मुदतीचा धाक किती होता ते कळतं. अशा कर्जात शिक्षण चालू असतानाची सूट नसते, आणि केंद्राची व्याज सवलतही नाही. ती अनुसूचित बँकांच्या, इंडियन बँक्स असोसिएशन या बँकांच्या संघटनेने आखलेल्या नमुना योजनेखालच्या शैक्षणिक कर्जांनाच लागू होते.

तिसरा पर्याय सार्वजनिक बँकेचं शैक्षणिक कर्ज. यात ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला २०१५ पासून केंद्राच्या हमी निधीचं पाठबळ आहे, ते तारण आणि त्रयस्थ जामीनदार न घेतलेल्या कर्जालाच मिळतं. परतफेड शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होते.

इथे कॉलेजची निवड आणि कर्ज हे एकच गणित झालं. सीएलसीत दोन कॉलेजं हाताशी होती. पहिल्याची फी ७२ हजार, घरापासून जवळ. दुसऱ्याची ८८ हजार, बसने तासभर. सगळ्यांचा कल अर्थातच पहिल्याकडे. पण केंद्राची व्याज सवलत, म्हणजे साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांचं शिक्षणाच्या काळातलं आणि त्यानंतरच्या एका वर्षाचं पूर्ण व्याज सरकारने भरण्याची योजना, तिला अट आहे: कॉलेजला नॅकचं किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचं मानांकन हवं. या दोन संस्था अनुक्रमे कॉलेजांचा आणि तांत्रिक अभ्यासक्रमांचा दर्जा तपासतात. पहिल्या कॉलेजकडे दोन्ही नव्हतं. दुसऱ्याच्या माहितीपत्रकावर नॅकचं चिन्ह होतं. चिन्हावर विसंबू नका, हे मी सगळ्यांनाच सांगतो. नॅकच्या संकेतस्थळावर जाऊन मानांकनाची मुदत कधी संपते ते मीनलने स्वतः पाहिलं. मुदत शिल्लक होती.

मग वहीच्या एका पानावर हिशेब मांडला. व्याज सरळ १० टक्के धरलं, लॅपटॉप-पुस्तकांसाठी ४० हजार धरले, आणि दर वर्षाची फी त्या वर्षाच्या सुरुवातीला उचलली जाईल असं मानलं. पहिल्या वर्षी उचललेल्या रकमेवर पाच वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार, मग तीन, मग दोन. पहिल्या कॉलेजात मुद्दल ३ लाख २८ हजार आणि घरच्यांनी सोसायचं व्याज सुमारे १ लाख २१ हजार, एकूण साधारण ४ लाख ४९ हजार. दुसऱ्या कॉलेजात मुद्दल ३ लाख ९२ हजार, त्यावरचं सुमारे १ लाख ४३ हजारांचं व्याज सरकार भरणार. महाग दिसणारं कॉलेज ५७ हजारांनी स्वस्त पडत होतं. वडिलांनी ते पान दोनदा तपासलं, एका ठिकाणी माझी बेरीजही पडताळली आणि म्हणाले, ‘बस तासभर लागू दे.’

काय केलं

कॉलेजात २५ हजार भरून पावती घेतली आणि उरलेल्या फीसाठी लेखी मुदत मागितली. तोंडी आश्वासनावर थांबायचं नाही हे ठरलेलं होतं. कॉलेजने कर्ज मंजूर होईपर्यंतची मुदत दिली, त्या पत्रावर तारीख आणि शिक्का घेतला. चार वर्षांच्या फीचं विवरणपत्रही त्याच वेळी मागून घेतलं. खासगी कॉलेजांची फी राज्याची शुल्क विनियामक समिती ठरवते, त्या आकड्याशी ते जुळवून पाहिलं. प्रवेश रद्द करावा लागला तर काय, ही वडिलांची भीती होती. २०२४-२५ साठी यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केलेल्या प्रवेशाची पूर्ण फी परत करायला सांगितलं होतं. हे दाखवल्यावर त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला.

कॉलेजने मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायला सुरुवात केली होती. बँकेला त्या मूळच बघायच्या असतात. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मूळ प्रमाणपत्रं पडताळून लगेच परत द्यायची असतात. मीनलने हे शांतपणे सांगितलं आणि ती परत मिळाली.

कागदांत अडकलं ते नावावर. आपल्याकडे मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिहेरी लिहितात. आधारवर तसंच होतं, पण बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नुसतं नाव आणि आडनाव, आणि समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदीत, वडिलांच्या नावाची तिसरीच अक्षरं. लोकसेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज समग्रशी जुळला नाही म्हणून परत आला. आधी समग्रची ई-केवायसी, मग नोटरीकडचं एकच व्यक्ती असल्याचं शपथपत्र, मग दाखला. मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीच्या आवारात वडिलांचे अर्धे दिवस गेले, आणि अर्ध्या दिवसाचा पगार म्हणजे काय हे पेढीवर काम करणाऱ्यालाच माहीत. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांना माझी कळकळीची विनंती आहे, मूल अकरावीत असतानाच हे तीन कागद समोरासमोर ठेवून नावं एकदा ताडून बघा.

आता बँक. घराजवळच्या शाखेत वडील आधी स्वतःच जाऊन आले. तिथे तीन गोष्टी सांगण्यात आल्या: तुमचं सिबिल खराब आहे, सीएलसी म्हणजे मॅनेजमेंट कोटा, आणि प्लॉटचे कागद असतील तर बघू. सगळं तोंडी. मीनलच्या मामांनी देवास रोडवरच्या आपल्या प्लॉटचे कागद द्यायची तयारी दाखवली. या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत नाजूक क्षण होता. मामांचा मोठेपणा खरा होता, आणि नाही म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान असं आईला वाटत होतं. पण ४ लाखांच्या आतल्या कर्जाला तारण लागतच नाही, आणि व्याज सवलत विनातारण, विनाजामीन कर्जालाच आहे. कागद दिले असते तर लाखभराहून जास्त सवलत धोक्यात आली असती, वर मामांचा प्लॉट अडकला असता. मीच त्यांना हे समजावलं, तेव्हा ते म्हणाले, ‘मग मी लॅपटॉपचं बघतो.’ तो भार त्यांनी खरंच उचलला.

त्यानंतर शाखेच्या दारात उभं राहण्याऐवजी विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवरून अर्ज केला. तिथे एकाच अर्जाने तीन बँकांकडे मागणी नोंदवता आली आणि अर्जाला क्रमांक मिळाला. नमुना योजनेत अर्ज नाकारायचा तर वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते. तोंडी ‘होणार नाही’ ही नकाराची नोंदच नसते. सहकर्जदार म्हणून वडिलांऐवजी आईचं नाव घातलं. तिच्या बचत गटातून घेतलेलं छोटं कर्ज वेळेवर फिटलेलं होतं, खात्यात डब्यांचे पैसे नियमित जमा होत होते. चार भिंतींच्या आत हिशेब सांभाळणाऱ्या बाईचं ते बँक पासबुक या घराच्या सर्वांत उपयोगी पडलं. सीएलसीच्या शंकेसाठी तंत्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून निघालेलं प्रवेशपत्र जोडलं. त्यावर गुणवत्ता क्रमांक आणि फेरी दोन्ही छापलेलं असतं, त्यामुळे हा मॅनेजमेंट कोटा नाही हे वेगळं पटवावं लागलं नाही.

शिष्यवृत्तीबाबत एक निवड करावी लागली. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती तांत्रिक पदवीच्या मुलींना वर्षाला ५० हजार देते, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती बोर्डातल्या वरच्या वीस टक्क्यांतल्या मुलांना पहिली तीन वर्षं वर्षाला १२ हजार देते. दोन्हींचा लाभ एकत्र घेता येत नाही. मीनलने प्रगती निवडली. बाकीची सोय म्हणून इथल्या एका मराठी न्यासाकडे अर्ज केला आणि त्यांनी १५ हजारांचा धनादेश थेट कॉलेजच्या नावाने दिला. या न्यासांच्या अर्जाच्या तारखा सरकारी तारखांहून लवचिक असतात. उशीर झालेल्या घराने तिथे संकोच न करता जावं.

काय झालं

दुसऱ्या बँकेने कर्ज मंजूर केलं, तारण आणि जामीनदाराशिवाय, आई सहकर्जदार. लॅपटॉप मामांनी घेतल्यामुळे रक्कम त्या प्रमाणात कमी घेतली. फी थेट कॉलेजच्या खात्यात जाते, दर वर्षी त्या वर्षापुरतीच उचलायची असं ठरवलं, म्हणजे मध्ये कुठून मदत मिळाली तर कर्ज तेवढं कमी. व्याज सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला बँकेत दिला आणि त्याची पोच घेतली.

प्रगतीच्या यादीत मीनलचं नाव आलं नाही. तिथे निवड बारावीच्या गुणांवर होते आणि ८१ टक्के पुरले नाहीत. तिला वाईट वाटलं, मलाही. पहिल्या वर्षाचा निकाल चांगला लागला आणि दुसऱ्या वर्षाचा हप्ता गुणपत्रिका दाखवून वेळेवर उचलला गेला.

वेगळं काय करता आलं असतं

मूळ चूक महाराष्ट्राचा अर्ज भरण्यात नव्हती. आत्या तिथे आहे, पुणं जवळचं वाटतं, प्रयत्न करायलाच हवा. पण दोन राज्यांच्या प्रक्रिया बरोबरीने चालवता येतात आणि मध्य प्रदेशच्या नोंदणीचा खर्च किरकोळ आहे. तेवढी नोंदणी वेळेत झाली असती तर फी माफीच्या जागांची रांग तरी मिळाली असती.

शिष्यवृत्तीच्या निवडीबद्दल माझं मन अजून द्विधा आहे. मोठ्या रकमेमागे जाताना खुल्या प्रवर्गातल्या ८१ टक्क्यांचं वजन किती, हे अधिक थंडपणे पाहायला हवं होतं. १२ हजारांच्या योजनेची बोर्डाची वरची वीस टक्क्यांची मर्यादा तिच्या गुणांना जास्त जवळची होती, आणि वर्षभराचा बसचा पास व पुस्तकं त्यातून निघाली असती.

बँकेच्या पहिल्या फेरीत वडिलांनी एकट्याने जायला नको होतं. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो जुलैतच काढला असता तर आईचं नाव पहिल्या अर्जातच गेलं असतं. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने विद्यार्थ्याचा सिबिल स्कोअर कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये असं म्हटलं होतं, पण आपल्या घरातली अडचण बहुतेक वेळा वडिलांच्या नोंदीची असते आणि ती सहकर्जदार बदलूनच लवकर सुटते. बँकेने लेखी तक्रारीनंतरही ३० दिवस उत्तर दिलं नसतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची तयारी आम्ही ठेवली होती. तशी वेळ आली नाही.

आज एखादं घर याच जागी उभं असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली, मीनलचा प्रवेश तिच्या आधीचा. ठरावीक संस्थांत (मंजुरीच्या वेळी यादीत ८६० होत्या) गुणवत्तेवर प्रवेश घेतलेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या आणि त्यानंतरच्या एका वर्षाच्या काळात ३ टक्के व्याज माफ होतं. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेणाऱ्याला ही व्याज सवलत नाही. सीएलसीच्या यादीतून कॉलेज निवडताना ते या संस्थांच्या चालू यादीत आहे का आणि त्याचं नॅक मानांकन चालू आहे का, हे दोन्ही फी भरण्याच्या आधीच तपासायचं. मीनलच्या भावाने हे दोन रकाने आपल्या वहीत आत्ताच आखून ठेवले आहेत. तो अजून दहावीत आहे.